गॅरेजमध्ये वेल्डिंग मशीन लावलं की एमसीबी पडतो? बदलायच्या आधी तो कधी पडतो ते बघा

पावसाळा उतरला की आपल्याकडे गोव्यात घराघरातनं एकच काम निघतं. गेटचा खालचा पाइप गंजून भुगा झालेला, ग्रिलचे जॉइंट सुटलेले, शेडच्या पत्र्याखालचा अँगल सडलेला, आणि फॅब्रिकेटरला फोन केला की तो म्हणतो दिवाळीनंतर बघू. मग माणूस वैतागून स्वतःच एक २०० अँपिअरचं इन्व्हर्टर मशीन मागवतो, एका हातात उचलता येतं तेवढं, गॅरेजमधल्या पॉवर प्लगला लावतो, पहिला रॉड छान जळतो, दुसरा अर्धा जळतो आणि खट्ट. कधी गॅरेजचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच), कधी अख्ख्या घराचा मेन. परत वर करायचा, परत दोन रॉड, परत खट्ट.

यावर जो तो एकच उपाय सांगतो, १६ चा काढ नि ३२ चा टाक. पात्रांव, एवढं सोडून काहीही करा. एमसीबी मशीनला वाचवायला नसतोच मुळी, तो भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. भिंतीत अडीचची, म्हणजे अडीच चौरस एमएमची, वायर आहे म्हणून १६ किंवा २० चा लावलाय, वायर तीच ठेवून ३२ चा लावलात तर पडायचं बंद होईल हे खरं, पण आता गरम होतेय ती वायर, प्लास्टरच्या आत, वर जुन्या घराचे लाकडी वासे, आणि ते कळणार वास आल्यावर. जुन्या घरांत अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज असतात तिथे तर लोक सरळ जाड तांब्याची तार पिळून घालतात, त्याबद्दल न बोललेलंच बरं.

तर एमसीबी बदलायच्या आधी नीट बघायचं की तो पडतो कधी. मशीनचं बटण दाबल्या दाबल्या, रॉड टेकवल्यावर, पाच-दहा मिनिटांनी, फक्त संध्याकाळी, का फक्त पावसात. आणि पडतं ते नक्की काय, एमसीबी का आरसीसीबी. बोर्डात ज्याच्यावर छोटं टेस्टचं बटण असतं तो आरसीसीबी, त्याचा ओव्हरलोडशी काही संबंध नाही, तो लीकेज बघतो, म्हणजे वाट चुकून जमिनीकडे जाणारा करंट. ही दोन माहिती असली की वायरमनला फोनवर सांगून सुद्धा अर्धं निदान होतं, नाहीतर तो येतो, एमसीबी बदलतो, पैसे घेतो, जातो.

सगळ्यात जास्त लोकांचं होतं ते म्हणजे काही मिनिटांनी पडणं, म्हणून ते आधी आणि सविस्तर घेतो.

साधा हिशेब करा. १२ नंबरचा रॉड, म्हणजे अडीच एमएमचा, साधारण ८० अँपिअरवर चालतो. तेवढ्या करंटला आर्कचं (रॉडच्या टोकाशी पेटते त्या ठिणगीचं) व्होल्टेज २३ च्या आसपास येतं, म्हणजे आर्कमध्ये १८५० वॅट जातात. हे ८० अँपिअर वेल्डिंगच्या बाजूचे, प्लगच्या बाजूचे नाहीत, हे आधी डोक्यात नीट बसवा कारण बरेच जण इथेच गोंधळतात. आता स्वस्तातल्या मशीनमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट नसतं, त्यामुळे पॉवर फॅक्टर (ओढलेल्यापैकी खरं कामाला येणारा भाग) ०.७ धरा, एफिशियन्सी ०.८ धरा, तर मशीन मेनमधून साधारण ३३०० व्हीए ओढतं. २३० ने भागा, १४-१५ अँपिअर. म्हणजे १६ च्या पॉवर प्लगची ताकद जवळजवळ तिथेच संपली. १० नंबरचा रॉड लावून १२० वर गेलात की हाच आकडा २३ च्या घरात जातो. आणि डायल पूर्ण २०० वर फिरवला तर ४० च्या वर. १६ च्या थ्री-पिन मधून ४० अँपिअर, विचार करा. मशीन २०० चं आहे म्हणून २०० वर चालवता येतं असं नाही, घर तेवढं देऊ शकलं पाहिजे ना.

आता १६ च्या एमसीबीला २३ अँपिअर दिले तर तो लगेच का पडत नाही. कारण त्याच्या आत दोन यंत्रणा असतात, एक चुंबकाची, ती शॉर्टसर्किटला झटक्यात पाडते, आणि दुसरी बायमेटलची पट्टी, ती हळूहळू तापून वाकते. स्टँडर्ड असं सांगतं की रेटिंगच्या १.१३ पट करंटला एमसीबी तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. १६ च्या एमसीबीला हे आकडे येतात १८ आणि २३. म्हणजे तुम्ही २० अँपिअरवर काम करत असाल तर तो पडेलही किंवा नाहीही, कंपनी बरोबर, एमसीबी बरोबर, आणि तेवढ्या वेळात प्लगची पिन मात्र भाजून निघतेय. म्हणून काम थांबवून प्लग काढून पिनेला हात लावून बघा (स्विच बंद करून, आणि जपून, खरोखर चटका बसतो). पिन गरम लागली, प्लगचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, सॉकेटमध्ये प्लग ढिला बसत असेल, तर एमसीबी पडो न पडो, ते सॉकेट संपलं. नवीन घ्या, आणि घेताना आयएसआयचं घ्या, बाजारात १६ लिहिलेलं पण आत पत्र्यासारख्या पातळ पट्ट्या असलेलं भरपूर मिळतं.

अजून एक गोष्ट, जी आपल्याकडे जास्त होते. एमसीबीचं रेटिंग ३० डिग्रीला धरलेलं असतं. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेच्या दुपारी बोर्डाच्या आत किती होत असेल ते तुम्हीच सांगा. बायमेटल आधीच तापलेली असते, मग तोच एमसीबी त्याच लोडला सकाळी टिकतो आणि दुपारी पडतो. लोक म्हणतात एमसीबी खराब झाला. खराब नाही झालेला, उकडतंय त्याला. सकाळी काम करा किंवा बोर्ड सावलीतल्या चिऱ्याच्या भिंतीवर घ्या, पत्र्यावर नको.

म्हणजे तात्पुरता मार्ग काय, तर १६ च्या पॉवर प्लगवर १२ नंबरचाच रॉड, ७०-८० च्या वर जायचं नाही, सलग मोठी रन मारायची नाही, मारायची, थांबायचं, स्लॅग (वेल्डवरची पापडी) काढायची, तोवर वायर पण श्वास घेते. आणि त्या लाइनवर दुसरं काही चालू नको. घरगुती गेट-ग्रिलच्या दीड-दोन एमएमच्या पाइपाला याच्यापेक्षा जास्त लागतच नाही, जास्त ठेवलं तर उलट भोक पडतं. बरेच जण दहा नंबरचा रॉड लावतात कारण दुकानदाराने तोच दिला.

आता बटण दाबल्या दाबल्या पडतो तो प्रकार. इथे आर्क अजून झालेलाच नाही, त्यामुळे ओव्हरलोडचा प्रश्न नाही. इन्व्हर्टर मशीन चालू होताना आतले कपॅसिटर एकदम भरतात, जुनं तांब्याचं ट्रान्सफॉर्मर मशीन असेल तर त्याचा कोअर पहिल्या क्षणाला झटका ओढतो. एमसीबी बी कर्व्हचा असेल तर रेटिंगच्या ३ ते ५ पटीला लगेच पडतो, सी कर्व्हचा ५ ते १० पटीला, डी कर्व्हचा १० ते २० पटीला. एमसीबीवर बी१६ किंवा सी१६ असं छापलेलं असतं, वाचा. बी असेल तर त्याच अँपिअरचा सी लावणं हा अगदी रास्त बदल आहे, कारण वायरला वाचवणारी बायमेटल तीच राहते, फक्त सुरुवातीचा झटका सहन होतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरला कधी कधी डी लागतो, पण डी लावायच्या आधी वायरमनने लूप (शॉर्ट झाल्यावर करंट फिरतो त्या अख्ख्या वाटेचा रेझिस्टन्स) मोजलेला असावा, नाहीतर खरा शॉर्ट झाला तरी तो पडायला वेळ लावतो. आणि सी लावूनही दर वेळी पडतोच, दुसऱ्याच्या घरी पण पडतो, तर मशीनच्या आतला ब्रिज रेक्टिफायर नाहीतर आयजीबीटी उडालेला असण्याची शक्यता जास्त, तिथे हट्टाने परत परत चालू करू नका, आहे तेही जाईल.

फक्त संध्याकाळी त्रास होतो, रॉड चिकटतो, आर्क मरतो, मधेच एमसीबी पण पडतो, असं असेल तर व्होल्टेज बघा. पण मोकळं बघून उपयोग नाही. प्लगला मल्टीमीटर लावून २२५ दाखवतो म्हणजे सगळं ठीक असं नाही, दुसऱ्याला वेल्डिंग करायला सांगा आणि आर्क चालू असताना त्याच सॉकेटच्या शेजारच्या सॉकेटवर बघा. २२५ चे १९० झाले तर तुमचं उत्तर मिळालं. इन्व्हर्टर मशीनची गंमत अशी की व्होल्टेज पडलं की ते काम कमी करत नाही, तेवढीच पॉवर काढायला जास्त करंट ओढतं. २३० ला जे १४.५ ओढत होतं ते १९० ला साडेसतरा ओढेल, म्हणजे व्होल्टेज कमी, एमसीबीवर ताण जास्त. आणि स्टॅबिलायझर लावला की तो हेच अजून वाढवतो, आउटपुटला २३० देण्यासाठी तो इनपुटला जास्त करंट खेचतो. स्टॅबिलायझर विकणारा हे सांगत नाही.

व्होल्टेज कुठे मरतंय ते शोधायचं. आर्क चालू असतानाच मेन बोर्डावर पण मोजा. मेनवर २२० आणि गॅरेजमध्ये १९५ असेल तर दोष घरातल्या वायरिंगचा किंवा एक्स्टेंशनचा. मेनवरच १९५ असेल तर मीटरच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी, सर्व्हिस वायर किंवा लाइन, तिथे आपण हात घालायचा नाही, वीज खात्याकडे तक्रार नोंदवायची. लाइनच्या टोकाला घर असलं, सत्तरीत किंवा पेडण्याच्या आतल्या वाड्यांवर असतात तशी, तर संध्याकाळी थोडं पडणारच, तिथे काम सकाळी काढणं एवढंच हातात असतं.

एक्स्टेंशनचं बोलायलाच हवं. बहुतेक घरांत जो पिवळा-लाल बॉक्स असतो त्याला दीडची वायर असते, कधी एकची. २५ मीटरची दीडची केबल, २० अँपिअर, जाऊन-येऊन ५० मीटर तांबं, १३ व्होल्ट तिथेच गेले. आणि ते गेले म्हणजे हवेत गेले नाहीत, २६० वॅटच्या वर उष्णता त्या केबलमध्ये तयार झाली. सरळ पसरलेली असेल तर निघून जाते, रीळवर गुंडाळलेलीच ठेवून वापरलीत तर मधला भाग वितळतो, आणि अशी रिळं मी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात विकली जाताना जेवढी बघितलीत त्यापेक्षा भंगारात जास्त बघितलीत. अडीचची घेतली तर तेच ८ व्होल्ट, चारची घेतली तर ५. वेल्डिंगला एक्स्टेंशन लागतंच असेल तर चारची, तीन कोअर, रबरची केबल, पूर्ण उलगडून, मधे एकही जॉइंट नको. खरं तर मेनची वायर वाढवण्यापेक्षा वेल्डिंगची केबल वाढवा, होल्डरची आणि क्लॅम्पची, जाड घ्या, मशीन सॉकेटजवळ कोरड्या जागी राहू दे आणि होल्डर गेटपर्यंत जाऊ दे. पावसाळी हवेत अंगणात २३० व्होल्टची केबल लोळवण्यापेक्षा हे दहापट बरं.

मेन पडतो, गॅरेजचा पडत नाही, हे पण बऱ्याच जणांचं होतं. इथे बहुतेक वेळा बेरीज चुकलेली असते. वेल्डिंग २३, वरच्या खोलीतला एसी ७-८, कोणीतरी गीझर लावला ९, झाले ४० आणि मेन ३२ चा. घरात ओरडून सांगा की काम चालू आहे तोवर गीझर नको. ते परवडत नसेल, म्हणजे वरचेवर काम असेल, तर बिलावर सँक्शन लोड किती आहे ते बघा आणि लोड वाढवायचा अर्ज करा, लागलं तर थ्री फेज घ्या. मेनचा एमसीबी स्वतःहून मोठा करणं हा मार्ग नाही, त्याच्यामागे सर्व्हिस वायर आणि मीटर आहे.

एक लक्षण मात्र असं आहे की ते दिसलं तर काम तिथल्या तिथे बंद. तुमचं घर थ्री फेजचं असेल आणि आर्क मारताना काही दिवे मंद होतायत पण काही उलट जास्त उजळतायत, तर न्यूट्रल ढिला आहे किंवा सुटतोय. अशा वेळी एखाद्या फेजवर ३०० च्या वर व्होल्टेज जाऊ शकतं, फ्रिज, टीव्ही, राउटर सगळं एका फटक्यात जातं. समुद्राजवळच्या घरांत, मोरजी-मांद्रे-केरी पट्ट्यात, अ‍ॅल्युमिनियमच्या सर्व्हिस वायरला तांबं जोडलेलं असलं की खाऱ्या हवेने तो जॉइंट खाल्लेला असतो, वरून टेप दिसतो आणि आत पांढरी-हिरवी पूड. वेल्डिंगचा लोड हा ढिला जॉइंट उघडकीला आणतो एवढंच, मशीनने काही बिघडवलेलं नसतं.

आता पाऊस आणि आरसीसीबी. जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर मशीनच्या आतल्या बोर्डांचं काय होत असेल. घरातला आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा असतो, तेवढं लीकेज जमायला फार काही लागत नाही. पण माझ्या बघण्यात ओलाव्यापेक्षा मोठं कारण म्हणजे ग्राइंडरची धूळ. मशीनचा फॅन आत हवा ओढतो, शेजारी बसून कोणीतरी कटिंग व्हील चालवतो, ती लोखंडाची बारीक पूड सरळ पीसीबीवर जाऊन बसते, उन्हाळ्यात कोरडी असते म्हणून चालून जातं, पावसात ओल लागली की तीच पूड करंट वाहून न्यायला लागते. म्हणून ग्राइंडिंग मशीनपासून लांब करा, आणि पावसाच्या आधी प्लग काढून ठेवून, थोडा वेळ जाऊ देऊन, कपॅसिटर मोकळे झाले की ब्लोअरने धूळ उडवा. लगेच उघडून हात घालू नका, प्लग काढल्यावर सुद्धा कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकं व्होल्टेज शिल्लक असतं.

आरसीसीबी फक्त वेल्डिंग मशीनलाच नाही, त्या सॉकेटवर मिक्सर लावला तरी पडतो, असं असेल तर मशीन निर्दोष आहे. वायरिंग करताना कोणीतरी गॅरेजला फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा दिलाय. गॅरेज नंतर बांधलेलं असतं ना, जवळचा न्यूट्रल उचलून दिला जातो. हे वायरमनला शोधायला लावा.

आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो बायपास करायचा, हे मी दर पावसात कुठे ना कुठे ऐकतो. आपल्याकडे ते का धोक्याचं आहे ते सांगतो. आपल्या घराचं अर्थिंग म्हणजे बहुतेक वेळा परसातला एक खड्डा, कोळसा-मीठ घालून पुरलेली पाइप नाहीतर प्लेट. जमीन जांभ्याची. चार महिने धो धो पाऊस पडतो पण चिऱ्यातून पाणी झिरपून खाली जातं, आणि मार्च-एप्रिलला तो खड्डा ठणठणीत कोरडा असतो. समजा अर्थचा रेझिस्टन्स २० ओहम झाला. मशीनच्या बॉडीला फेज लागला तर त्या वाटेने फार तर ११-१२ अँपिअर जातील. ३२ चा काय, १६ चा एमसीबी सुद्धा याला पडणार नाही! बॉडी जिवंत राहील आणि तुम्ही घामेजलेल्या हाताने तिला टेकाल. तिथे पाडू शकतो तो फक्त आरसीसीबी. काही जण फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून बघतात, लागला म्हणजे अर्थिंग पक्कं. ६० वॅटचा बल्ब पाव अँपिअरच ओढतो, अर्थ ५० ओहमचा असला तरी तो झगमगीत लागेल, त्याने काहीच सिद्ध होत नाही. अर्थ टेस्टरने मोजून घ्या, उन्हाळ्यात मोजा, आणि खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी ओतत जा. सुपारीच्या बागेला पाणी लावता तेव्हा एक बादली तिकडे.

एवढं असूनही आरसीसीबी तुम्हाला होल्डरपासून वाचवत नाही, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. वेल्डिंगची बाजू आतल्या ट्रान्सफॉर्मरने मेनपासून वेगळी केलेली असते, त्यामुळे होल्डरचा शॉक बसला तर बोर्डातल्या आरसीसीबीला त्याचा पत्ताच लागत नाही. रॉड टेकलेला नसताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट असतात. कोरड्या हातमोज्यात काही नाही, पण ओली चप्पल, घामाने भिजलेला शर्ट, लोखंडी जिन्यावर बसून काम, तेव्हा तेवढे पुरतात. मशीनला व्हीआरडी (रॉड टेकलेला नसताना होल्डरचं व्होल्टेज कमी ठेवणारी सोय) असेल तर चालू ठेवा, रॉड बदलताना उघड्या हाताने बदलू नका, आणि पागोळ्या गळत असताना अंगणात वेल्डिंग नाहीच. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आली म्हणून घाई असते, मला माहीत आहे, तरी नाही.

क्लॅम्पला आपण अर्थ म्हणतो त्यानेही घोळ होतो. तो घराचा अर्थ नव्हे, तो वेल्डिंगच्या करंटचा परतीचा रस्ता आहे, ८०-१०० अँपिअर त्यातून परत जातात. लोक क्लॅम्प लावतात शेडच्या खांबाला आणि वेल्डिंग करतात दहा मीटरवरच्या गेटला, मधे काय तर पाण्याचा पाइप, सळ्या, नाहीतर गेटच्या मोटरची अर्थ वायर. करंटला जो रस्ता मिळेल तो घेतो, मग दीडची अर्थ वायर भिंतीत भाजून निघते आणि कोणाला कळत पण नाही, पुढच्या वेळी खरंच अर्थ लागेल तेव्हा ती तिथे नसते. क्लॅम्प नेहमी ज्या तुकड्यावर काम चालू आहे त्यालाच, गंज-रंग घासून, वेल्डच्या जवळ. गेटला मोटर असेल तर आधी तिची वायर सोडवा.

आता ज्यांना हे एकदाच नीट करून घ्यायचंय त्यांनी वायरमनला काय सांगायचं. लायसन्सवाला बोलवा, आणि सांगा की मेन डीबीपासून (मेन बोर्डापासून) गॅरेजला वेगळी लाइन हवी, मधे कुठेही दुसरं पॉइंट नाही. तांब्याची सहाची वायर, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही, ३२ चा सी कर्व्ह एमसीबी, त्याच्या जोडीला स्वतंत्र ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी म्हणजे गॅरेजमध्ये लीकेज झालं तर घरातला फ्रिज बंद पडत नाही. टोकाला थ्री-पिन नको, निळा ३२ अँपिअरचा इंडस्ट्रियल सॉकेट, झाकणवाला. मशीनच्या केबललाही तसाच प्लग. वायरची टोकं थिंबल दाबून बसवा, नुसती पिळून स्क्रूखाली नको. लांबी जास्त असेल, वीस-पंचवीस मीटरच्या पुढे, तर दहाची वायर घालायला सांगा, आणि वायरमन म्हणाला की चारची चालते तर मशीनची प्लेट दाखवा. प्लेटवर आय वन मॅक्स आणि आय वन ईएफएफ असे दोन आकडे असतात, पहिला म्हणजे जास्तीत जास्त ओढणार तो, दुसरा म्हणजे ड्यूटी सायकल धरून सरासरी पडणारा ताण. ३२ मॅक्स आणि ६० टक्के ड्यूटी असेल तर दुसरा २५ च्या आसपास येतो, वायर निदान त्याच्यावर आरामात बसली पाहिजे. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांतली सहा मिनिटं आर्क, चार मिनिटं आराम, हे पण लोक विसरतात. ज्या मशीनला प्लेटच नाही, नुसता डब्यावर मोठा आकडा रंगवलाय, ते घेऊच नका.

जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन कोणी स्वस्तात देत असेल तर आधी बघा ते सिंगल फेजचं आहे का दोन फेजवर ४१५ ला चालणारं. दुसरं असेल तर सिंगल फेजच्या घरात त्याचा उपयोग नाही. शेजारच्या पोलवरून आकडा टाकून एक दिवस काम काढू, असं सुचवणारे भेटतात, तो २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १३५ खाली चोरीचा गुन्हा आहे आणि शिवाय त्याच्यामागे कुठलाच एमसीबी नसतो. घरच्या मीटरवर लोकांची ऑर्डरची कामं घेत असाल तर ते पण कलम १२६ मध्ये (विजेचा अनधिकृत वापर) बसतं, त्यापेक्षा कमर्शियल कनेक्शन घेतलेलं बरं.

लाइट गेल्यावर घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर वेल्डिंग मशीन लावू नका, नाव सारखं असलं तरी तो आठशे-हजार व्हीएचा असतो आणि तुम्हाला लागतात तीन हजारांच्या वर. जनरेटर भाड्याने आणत असाल तर १२ नंबरच्या रॉडसाठी निदान ५ केव्हीएचा आणा, एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट) असलेला, आणि त्याची बॉडी अर्थ केलेली. आधी जनरेटर चालू करून स्थिर होऊ द्या मग मशीनचं बटण दाबा, आणि बंद करताना उलट, आधी मशीन. जनरेटरचा प्लग घरातल्या सॉकेटमध्ये उलटा घुसवून अख्ख्या घराला लाइट द्यायचा प्रकार तर अजिबातच नको, ती वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून पोलवर काम करणाऱ्या लाइनमनपर्यंत पोचते.